पुरात बुडालेल्या मारुती ८०० ला मोटर बसवताना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझी २००३ सालची मारुती ८०० तेव्हा गावभागात टपापर्यंत बुडालेली होती. पाणी उतरल्यावर ती ओढत माधवनगरच्या दुकानात आणली आणि प्लग काढले, तर प्लगच्या भोकातून गाळ आला. इंजिन जाम. मेकॅनिकने बॉनेट लावूनच निकाल दिला, "भंगारात घाला." दोन वर्षं ती दुकानामागे उभी राहिली, आत मांजरीने पिल्लं घातली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग भरताय. एखादी स्वतःच्या गाडीला बसवा की."

म्हणून इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवली. कशी बसवली, कुठे चुकलो, ते लिहितो.

सगळ्यात आधी कायद्याचं, कारण हे लोक शेवटी वाचतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायला परवानगी आहे, पण त्यासाठी एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून मंजूर झालेलं किट लागतं. ते अधिकृत बसवणाऱ्याकडूनच बसवून घ्यायचं, मग आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलायची आणि विमा कंपनीला कळवायचं. तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात, आणि त्या एकेका किटला मंजुरी देतात, तुमच्या-माझ्या परसातल्या जुगाडाला नाही. माझी गाडी घरी बनवलेली आहे, म्हणून ती कवठेएकंदच्या आमच्या द्राक्षबागेच्या कुंपणाबाहेर जात नाही. दुकानातून बागेत नेली तीसुद्धा टेम्पोत घालून. रस्त्यावर चालवायची असेल तर मंजूर किटच घ्या. खालचं वाचून निदान बसवणाऱ्याला चार बरे प्रश्न तरी विचारता येतील.

गाडी निवडताना इंजिनाकडे बघूच नका, ते जाणारच आहे. पत्रा बघा. खालून चॅसीच्या पट्ट्या, सस्पेन्शन बसतं ती जागा, मागच्या सीटखालचा पत्रा हे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक धड हवेत. पुरात बुडालेली गाडी घेऊ नका. मी घेतली नव्हती, ती माझीच होती, म्हणून नाइलाज. तिच्या वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटात हिरवा गंज निघाला आणि नुसतं १२ व्होल्टचं वायरिंग नव्याने ओढण्यात माझे तीन आठवडे गेले.

मारुती ८०० मात्र या कामाला फार सोयीची. जेमतेम साडेसहाशे किलोची गाडी, पॉवर स्टिअरिंग नाही, गिअर चार, आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून केबलने चालतो, म्हणजे इंजिन गेलं तरी काटा हलतो.

आता हिशेब. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. ८०० एका लिटरला सतरा-अठरा किलोमीटर गेली तर किलोमीटरला अर्धं युनिट जळालं, आणि त्यातला बराचसा भाग रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत गेला. मोटरला तेवढं लागत नाही. एवढी हलकी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ५० ने धावत असेल तर बॅटरीतून तीनेक किलोवॅट ओढते. थांबत-सुटत चालवली तरी किलोमीटरला १०० वॅट-अवर धरायला हरकत नाही. त्यावरून मी ७२ व्होल्टची, सलग १० किलोवॅट देणारी परमनंट मॅग्नेट मोटर घेतली आणि ३५० अँपियरचा कंट्रोलर, म्हणजे पेडलप्रमाणे बॅटरीतून मोटरला वीज मोजून देणारी पेटी. सलग १० आणि क्षणभर १० यात फरक आहे. पाण्याच्या मोटरीच्या नेमप्लेटवर जशी थापेबाजी चालते तशी इथेही चालते. सलग किती, ते लेखी मागा.

इंजिन काढण्याबद्दल फार सांगत नाही. कोणत्याही गॅरेजात चेन ब्लॉक लावून दोन तासांचं काम आहे. दोनच गोष्टी. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, कारण आत वाफ कोंडलेली असते. तिच्याजवळ ग्राइंडर, वेल्डिंग काही नको. आणि काढलेली प्रत्येक वस्तू वजन करून वहीत लिहा. माझं इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी मिळून ११२ किलो भरलं. तेवढ्यातच नवा संसार बसवायचा, हे मी पहिल्या दिवशी ठरवलं. ब्रेक आणि स्प्रिंगा ज्या वजनासाठी केल्या आहेत ते वाढवून गाडी चालवणं मला पटत नाही.

आता ज्याने खरा घाम काढला ते काम, मोटर गिअरबॉक्सला जोडणं.

मोटरची पुढची बाजू आणि गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडायचं घंटेसारखं तोंड, यांचे बोल्ट एकमेकांशी जुळणार नाहीतच. मध्ये एक प्लेट करावी लागते आणि दोन शाफ्टांना जोडणारा कपलर. प्लेटसाठी मी बेलहाउसिंगच्या तोंडाला ग्रीस लावून जाड पुठ्ठा दाबला, छाप घेतला आणि कुपवाड एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या मित्राकडे गेलो. त्याने पुठ्ठा उलटापालटा केला आणि म्हणाला, "ह्यावर मी चपलाचं तळ कापून देतो. प्लेट पायजे आसंल तर गिअरबॉक्स घेऊन ये."

त्याचं बरोबर होतं. पुठ्ठ्यावर बोल्टची भोकं कळतात, पण शाफ्टचा मध्य कळत नाही, आणि सगळा खेळ मध्याचा आहे. गिअरबॉक्स नेला. त्याने डॉवेल पिनांवरून माप धरलं, इनपुट शाफ्टवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) फिरवून मध्य काढला आणि १५ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये आधी मधलं भोक बोअर करून मग बाकीची पाडली. मोटर बसवल्यावर पुन्हा डायल गेज लावला. काटा मिलिमीटरच्या ५ शतांशाच्या आत आला तेव्हा कुठे त्याने चहा सांगितला. इथे दहा-वीस शतांश चालतील म्हणून सोडून दिलंत तर महिन्याभरात गिअरबॉक्सचं बेअरिंग ओरडायला लागेल.

कपलरसाठी जुनी क्लचप्लेट फेकू नका. तिच्या मध्यभागी जो खाचांचा गोळा असतो तो इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे उभ्या खाचांवर, नेमका बसतो, कारण तो त्याच्यासाठीच केलेला आहे. बाहेरची चकती आणि स्प्रिंगा काढून तो मधला भाग आम्ही एका स्टीलच्या बुशमध्ये बोल्टने बसवला. बुशच्या दुसऱ्या टोकाला मोटरच्या शाफ्टची चावी. इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या छोट्या बेअरिंगमध्ये टेकत असेल, तर तसंच बेअरिंग कपलरमध्येही द्यावं लागतं. दोन शाफ्टांच्या मध्ये दीड-दोन मिलिमीटर मोकळे ठेवा. घट्ट भिडवले तर तापल्यावर एकमेकांना रेटतात.

म्हणजे क्लच गेला. चालतं. मोटर शून्य फेऱ्यांपासून जोर देते, त्यामुळे गाडी दुसऱ्या गिअरमध्येच सुटते आणि बागेत मी दुसरा बदलतच नाही. बदलायचा झाला तर पाय उचलायचा, न्यूट्रलला क्षणभर थांबायचं आणि हलक्या हाताने टाकायचा. घाई केली की गिअर करकरतो.

पहिल्यांदा चाकं जॅकवर उचलून मोटर फिरवली त्या दिवशी दुकानात पंधरा माणसं जमली होती. पहिला गिअर टाकला, पेडल दाबलं, आणि चाकं उलटी फिरली. चार रिव्हर्स गिअर आणि एक पुढचा, अशी गाडी तयार झाली होती. मी हसलो. आयुष्यात हजारो पंप उलटे फिरताना बघितले आहेत, दोन फेज अदलाबदल केल्या की झालं. केल्या. मोटर जागच्या जागी धडधडली, गाडी जॅकवरून पडते की काय असं वाटलं, आणि कंट्रोलरने लाल दिवा मारून मान टाकली. भाचा पुण्याला कॉम्प्युटर शिकतो, तो म्हणाला, "मामा, ही पंपाची मोटर नव्हे. रोटर कुठे आहे हे सेन्सर सांगतो, त्यावर कंट्रोलर फेज देतो. तुम्ही नुसत्या फेज बदलल्या, सेन्सर तसाच राहिला." फेज परत होत्या तशा लावल्या, त्याने लॅपटॉप जोडून दिशा बदलली. दोन मिनिटांचं काम. पंधरा माणसांसमोर.

त्याच बैठकीत कंट्रोलरचा रिव्हर्स त्याच्याकडून बंद करून घेतला. गिअरबॉक्सला रिव्हर्स आहे तेवढा पुरे. दोन्ही ठेवले तर कधीतरी दोन्ही एकदम लागतात आणि गाडी पुढे उडी मारते.

बॅटरीला सेल घेतले लिथियम आयर्न फॉस्फेटचे, ३.२ व्होल्ट, १०५ अँपियर-अवर, २४ नग. सिरीजमध्ये ७६.८ व्होल्ट, म्हणजे आठ युनिट. एक सेल दोन किलोचा, सगळे मिळून ४८ किलो. यापेक्षा हलके लिथियमचे दुसरे प्रकार मिळतात, पण ते तापून बिघडले तर आवरणं अवघड. आमच्या कवठेएकंदला दसऱ्याचं दारूकाम बघायला सगळा जिल्हा लोटतो. तेवढं वर्षातून एकदा पुरे. फॉस्फेटचे सेल त्या मानाने शांत, तरी शॉर्ट झाले तर गय करत नाहीत.

ते मी हाताने अनुभवलं. पट्ट्या जोडताना १३ चा पाना हातातून निसटला आणि एकाच सेलच्या दोन टोकांवर आडवा पडला. फक्त ३.२ व्होल्ट. पण सेलचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की हजारांनी अँपियर वाहतात. पान्याचं टोक वितळून सेलला चिकटलं, मनगटावर तांबडा डाग अजून आहे. तो पाना दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय. तेव्हापासून पान्यांना टोकापर्यंत टेप, हातात घड्याळ-अंगठी नाही, आणि काम चालू नसलेल्या सेलांवर रबराची चटई.

माझ्यासारख्या आयुष्यभर घरगुती एसी विजेवरच काम केलेल्यांना आणखी एक सांगतो. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीची विझत नाही, ओढली की लांबते. घरातला एमसीबी इथे लावू नका. डीसीसाठीच केलेला फ्यूज आणि डीसीचाच कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच, घ्या. पूर्ण चार्ज झालेला हा पॅक ८७ व्होल्टपर्यंत जातो, आणि ६० व्होल्टच्या वरचा डीसी जीवाशी खेळ समजला जातो. फ्यूज बॅटरीच्या पेटीतच, टर्मिनलच्या जितका जवळ तितका बरा. शिवाय ड्रायव्हरच्या हाताशी एक मोठा खटका हवा, ज्याने सगळं तोडता येईल.

सेल जोडण्याआधी सगळे एका पातळीवर आणावे लागतात. २४ च्या २४ पॅरलल जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत सावकाश भरायचे, मला त्याला तीन दिवस लागले. मग सिरीज. बीएमएस, म्हणजे एकेका सेलवर नजर ठेवणारं सर्किट, त्याची प्रत्येक बारीक वायर मीटरने तपासूनच प्लग बसवा, एक वायर मागेपुढे झाली तर बीएमएस लगेच जळतो. वरची मर्यादा मी ३.५ वर आणि खालची २.९ वर ठेवली आहे. दहा टक्के रेंज कमी मिळते, पण सेलही तेवढे जास्त टिकतील.

जोड घट्ट आहेत का ते हाताने कळत नाही. गाडी चढावर जोर लावत असताना भाच्याने प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट मोजले. बाकी सगळे जोड सारखे, एक तिप्पट. उघडून बघितला तर पट्टी आणि टर्मिनलच्या मध्ये प्लास्टिकची पापुद्र्याएवढी फिल्म राहिली होती. ती राहिली असती तर एखाद्या दिवशी तिथूनच धूर निघाला असता. आमच्या बागेत भुरी रोगासाठी गंधक धुरळतो, तांबं त्याने काळं पडतं, म्हणून सगळ्या जोडांवर पेट्रोलियम जेलीचा हात दिला आणि पेटीला रबरी गॅस्केट बसवली.

कंट्रोलरच्या पोटात मोठे कपॅसिटर असतात. रिकाम्या कपॅसिटरवर एकदम बॅटरी जोडली तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे बंद न होणारी गाडी. म्हणून आधी रेझिस्टन्समधून पाचेक सेकंद कपॅसिटर भरायचे, मग कॉन्टॅक्टर ओढायचा. रेझिस्टन्स किती, ते कंट्रोलरच्या कागदावर असतं. पहिल्यांदा जोडताना मी दुकानातला आपला सिरीजचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब मध्ये घातला. बल्ब क्षणभर उजळून विझला तर सगळं ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. जळालेल्या मोटरी तपासायची ही जुनी पद्धत इथेही तशीच कामाला आली.

मोठ्या व्होल्टेजला बॉडी अर्थ करू नका. दोन्ही वायरी स्वतंत्र, ५० चौरस मिलिमीटर तांबं, नारिंगी पाइपातून. सगळं झाल्यावर कंट्रोलर, चार्जर आणि बीएमएस सोडवून केबल आणि बॉडीच्या मध्ये इन्सुलेशन तपासणारा मेगर मारा. ते जोडलेले असताना मेगर मारलात तर नवे घ्यावे लागतील.

आता या कामात मला जे सगळ्यात उशिरा कळलं ते. इंजिन नुसतं चाकं फिरवत नव्हतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं दहा बारीक कामं गुपचूप करत होतं, आणि ते गेल्यावर एकेक उघडी पडली.

पहिलं, अल्टरनेटर. हॉर्न, दिवे, वायपर, कॉन्टॅक्टरची कॉइल, सगळं १२ व्होल्टवर. ७२ चे १२ करणारा ३० अँपियरचा कन्व्हर्टर बसवला, पण १२ ची छोटी बॅटरी काढली नाही. कन्व्हर्टर गेला तर दिवे आणि ब्रेक लाइट तरी राहावेत.

दुसरं ब्रेकचं. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातून येतो. इंजिन काढल्यावर ब्रेक लागतात, पण पाय दगडावर ठेवल्यासारखा. जॅकवर तपासताना हे लक्षातच येत नाही. १२ व्होल्टचा व्हॅक्यूम पंप, प्रेशर स्विच आणि एक छोटी टाकी बसवली. टाकी अशी हवी की पंप बंद पडला तरी दोन-तीनदा ब्रेक लागला पाहिजे. मोटरचा रिजनरेटिव्ह ब्रेक असतो, म्हणजे पाय उचलला की मोटरच जनरेटर होऊन गाडी अडवते, पण त्यावर विसंबू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो जवळपास लागतच नाही. ओल्या काळ्या मातीत जास्त ठेवला तर पुढची चाकं घसरतात, म्हणून मी तो अगदी कमीवर ठेवलाय.

हीटरही गेला. सांगलीत कोण विचारतो.

अॅक्सिलरेटरच्या वायरीची काळजी घ्या. पेडलच्या सेन्सरची कोणतीही वायर तुटली तर कंट्रोलरला शून्यच दिसलं पाहिजे. मी एकेक वायर मुद्दाम काढून, चाकं वर असताना, हे तपासलं. तुम्हीही तपासा.

नवा संसार शेवटी ११४ किलो झाला, दोन किलोने हुकलो. वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी चढवून बघितली. पुढचं वजन थोडं कमी आणि मागचं वाढलेलं निघालं, म्हणून बॅटरीची पेटी वीतभर पुढे सरकवली. खर्च दोन लाख ६० हजार, त्यात निम्म्याच्या आसपास सेलांचा. माझी आणि भाच्याची मजुरी धरलेली नाही. एवढ्या पैशात चांगली जुनी गाडी आली असती, हे मला बायकोने सांगितलं आहे.

चार्जर ७२ व्होल्ट, २० अँपियरचा. १५ अँपियरच्या पॉइंटवर पाच तासांत भरतो. अर्थिंग नीट असलेला घरगुती पॉइंट वापरा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका, ते पंपासाठी दिलेलं आहे, आणि रात्री-बेरात्री येणाऱ्या त्या विजेचं व्होल्टेज चार्जरला झेपत नाही. बागेतल्या कच्च्या वाटेवर किलोमीटरला ११० वॅट-अवर लागतात, म्हणजे एका चार्जमध्ये साठ किलोमीटर. बागेला फेरा मारला तर पाऊण किलोमीटर होतो. एका चार्जमध्ये सगळी काढणी उरकते.

आवाज हेही इंजिनाचं एक काम होतं. पहिल्या आठवड्यात क्रेट भरणाऱ्या बायकांच्या मागे गाडी येऊन उभी राहिली तरी त्यांना पत्ता नसायचा, एक जण दचकून क्रेटसकट बसली. आता पुढच्या बंपरला जुन्या बैलाची घंटा बांधली आहे.

आणि शेवटचं काम कळलं ते शेततळ्याच्या उतारावर. सवयीने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक न ओढता उतरलो. इंजिन असतं तर कॉम्प्रेशनने चाकं धरून ठेवली असती. मोटर काही धरत नाही. मी दार लावलं आणि गाडी निघाली, घंटा वाजवत, तळ्याच्या दिशेने. बांधाच्या दगडाने अडवली म्हणून वाचली, नाहीतर दुसऱ्यांदा बुडाली असती. हँडब्रेकची केबल त्याच दिवशी नवी घातली. तो दगड डिकीत आहे, उतरलो की आधी चाकाला लावतो.